उघडी टोकं

शिडीवरच्या माणसाने तुटलेल्या तारेची दोन टोकं एकमेकांवर आडवी ठेवली, एक टोक पलीकडच्या तारेवर उजवीकडून मध्याकडे गुंडाळत आणलं, दुसरं अलीकडच्या तारेवर डावीकडून, आणि मग दोन्ही कोपरं बाहेर फेकून अशी काही ओढ दिली की खाली फुटपाथवर उभी असलेली ती रस्ता ओलांडायचं विसरली. आधी हातांना कळलं, डोक्यात नंतर शिरलं. तिची बोटं पिशवीच्या बंदावर आपोआप हलायला लागली, अंगठा पुढे, तर्जनी मागे, जणू तीच ती तार गुंडाळत होती. सिग्नल सुटला. माणसं तिला वळसा घालून पुढे गेली, एकाने "अहो, चला की" असंही ऐकवलं, आणि ती तिथेच उभी, मान वर, तोंड उघडं. टोकं कुठे गेली? आत्ता तर होती. दोन चांगली ठसठशीत टोकं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि आता तिथे वेढ्यांची फक्त एक जाडसर पेरभर लांबीची रांग होती, दोन्ही बाजूंनी सारखीच, कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याचा पत्ता नाही. "अगं बाई," ती मोठ्याने म्हणाली, "हे तर आत्याचं आहे!" शेजारून जाणाऱ्या बाईने तिच्याकडे पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला.

पिशवीत एक चपटा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात मऊ कागदाच्या घड्यांमध्ये बेचाळीस पेंडंट. एकेक खडा, त्याच्याभोवती तांब्याची एकच अखंड तार, वळत, वेढत, खड्याला अंगाखाली घेत वर आलेली, आणि वर, जिथे सगळं संपायला हवं तिथे, दोन उघडी टोकं वाळक्या काडीसारखी बाहेर आलेली. एकेचाळीस तिची होती. एक आत्याचं होतं. आणि ही सगळी घेऊन ती डाखवाल्याकडे निघाली होती, म्हणजे त्या माणसाकडे जो छोट्या ज्योतीने धातू वितळवून सांधे भरून देतो. परवा त्याने एक खडा हातात घेऊन उलटासुलटा केला होता आणि म्हणाला होता, "ओल्या कागदात गुंडाळून ज्योत मारतो. दोनचार तडकतील, त्याला इलाज नाही. तार काळी पडेल, ती घासून देईन. सहा दिवसांनी प्रदर्शन म्हणताय ना? मग विचार कसला करताय?" तिने विचार केला नव्हताच. आत्या पलंगाला खिळल्यापासून दीड वर्ष विचार करून झाला होता. आत्याच्या घरात डाख हा शब्द शिवीसारखा उच्चारला जायचा. डिंक नाही, डाख नाही, आग नाही, तारेला तारेनेच धरायचं, एवढा एकच धर्म त्या बाईने आयुष्यभर पाळला, आणि आज तिचीच भाची तिचं शेवटचं पेंडंटसुद्धा तिला न सांगता आगीत घालायला निघाली होती. सकाळी डब्यात ते ठेवताना तिने पलंगाकडे पाठ केली होती. चोराला कसं वाटत असेल हे तिला त्या वेळी नीट कळलं.

"काका!" ती शिडीच्या पायाशी जाऊन ओरडली. "काका, जरा खाली याल?"

माणूस साठीला टेकलेला, केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने खाली पाहिलं. "तुमचाही फोन बंद आहे का? तक्रार नोंदवा. मी फक्त हीच तार जोडायला आलोय."

"फोन नाही हो. तो जोड. आत्ता केलात तो. मला दाखवाल?"

"जोड?" त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तो हसला. "ताई, शिडी धरा आधी. खालची फरशी हलतेय, मघापासून जीव मुठीत धरून उभा आहे."

तिने डब्याची पिशवी खांद्यावर टाकली आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. वर पक्कड खणखणत होती, तारेचे कापलेले तुकडे तिच्या केसांत पडत होते, आणि तिच्या डोक्यात मात्र आत्याची पाठ उभी राहिली होती. बावीस वर्षं पाहिलेली पाठ. टेबल खिडकीपाशी, दोघी समोरासमोर, मध्ये ताटली, ताटलीत खडे. तिने तेविसाव्या वर्षी पहिला खडा बांधला तेव्हापासूनचा रिवाज असा की बांधायचं तिने, खडा निवडायचा तिने, तार कापायची तिने, आणि अगदी शेवटी, वरची दोन टोकं राहिली की तो डाग, म्हणजे बांधलेला दागिना, आत्याकडे सरकवायचा. मग आत्या खुर्ची फिरवायची, पाठ करायची, मिनिटभर काहीतरी करायची आणि वळून मिटलेला डाग ताटलीत टाकायची. आत्याचा शब्दच तो, मिटवणं. "मिटवून देते, थांब." टोकं जायची. नखाने शोधा, भिंगाने शोधा, रेशमी ओढणीवरून फिरवा, धागा अडकायचा नाही. लोक वळूनवळून आत्याकडे यायचे ते याचसाठी. "मला दाखव ना," ती म्हणायची. आत्या म्हणायची, "डोळे आहेत ना तुला? बघ की." पण बघणार काय, डोंबल? पाठ! कशिद्याचा काळा सदरा, मानेवरचा अंबाडा, आणि मध्येच एकदा दोन्ही कोपरं अशी बाजूंना उघडायची, जशी आळस देताना उघडतात. "कंबर धरलीय गं," आत्या त्याच वेळी म्हणायची. हमखास, दर वेळी. बावीस वर्षं ती बाई दिवसातून सहासात वेळा कंबर धरल्याचं सांगत होती, आणि भाची तिला मलम आणून देत होती.

शिडी धरल्याधरल्या तिला हसू फुटलं. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले.

"शिडी हलतेय, ताई!"

"सॉरी, काका. कंबर धरलीय."

तो उतरला तेव्हा तिला धीर नव्हता. खरं तर एकदा धरलेलं सोडणं तिला आयुष्यात कधी जमलंच नव्हतं, आत्याने तिचं नाव त्यावरूनच पक्कड ठेवलं होतं. पाळण्यात असताना म्हणे आत्याचं बोट धरलं ते तासभर सोडलं नाही, दूध प्यायचं विसरली. लाइनमनने पेटीतून हातभर जुनी तांब्याची तार काढली, मधोमध कापली, आणि बसस्टॉपच्या बाकावर दोघं शेजारीशेजारी बसली. "हे बघा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात एकदम मास्तर आला, कारण बहुतेक कित्येक वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. "दोन तारा समोरासमोर आणायच्या. टोकाला टोक भिडवायचं नाही. टोक पुढे जाऊ द्यायचं, दुसरीच्या अंगावर. हिने तिला धरायचं, तिने हिला. पाच वेढे इकडे, पाच वेढे तिकडे. उलट दिशेने, बाहेरून मध्याकडे येत हं. आणि टोकं बारीक छाटून आतल्या बाजूला वळवून ठेवायची, मध्ये. आणि आता ओढा."

"कुठे ओढू?"

"दोन्हीकडून. ताण द्या. ताणल्याशिवाय हा जोड बसतच नाही. लोक काय करतात, पकडीने दाबतात. दाबलं की टोक बाहेर उसळतं. हा दाबायचा जोडच नाही."

तिने ओढलं. वेढ्यांच्या दोन रांगा एकमेकींकडे सरकल्या, खट असा अगदी बारीक आवाज झाला, आणि मधली दोन टोकं दोघींच्या फटीत जाऊन बसली. संपलं. तिने नख फिरवलं. काही नाही. ओठांवर फिरवलं. काही नाही. तिने परत नख फिरवलं.

म्हणजे टोकं टोकाला नव्हतीच! दीड वर्षं ती कुठे शोधत होती? वेढ्यांच्या बाहेरच्या कडांना, दोन्ही अंगांना, जिथे कुणीही शहाणा माणूस शेवट शोधेल तिथे. आत्याची जुनी नऊ पेंडंट तिने भिंगाखाली धरून उलगडायचा प्रयत्न केला होता, आणि नऊही तुटली होती. तांबं तसंच असतं, एकदा वळवलं की कडक होतं, पुन्हा सरळ करायला गेलं की कटकन मोडतं आणि गुपित घेऊनच मोडतं. ती कडेकडून उलगडत होती, आणि कड म्हणजे तर आत्याची सुरुवात होती. शेवट मध्ये होता, दोन रांगांच्या पोटात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तिने कपाळावर हात मारला तो इतक्या जोरात की लाइनमन दचकला. आणि पक्कड! पकडीचा आवाज कधी आलाच नव्हता. आत्या पाठ करायची तेव्हा चोचीची पक्कड कायम ताटलीत पडलेली असायची, तिच्या डोळ्यांसमोर, आणि दीड वर्षं ती मूर्खासारखी त्याच पकडीने टोकं आत दाबत बसली होती. जितकं दाबावं तितकं टोक वर यायचं, सुईसारखं. एकेचाळीस वेळा. अंगठ्यावर अजून खुणा होत्या.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"उस्तादांनी. सगळ्या लाइनवाल्यांना हेच शिकवतात, म्हणजे शिकवायचे. शंभर वर्षं तरी असेल. आता कोण करतो? आता क्लिप दाबली की झालं. सगळं काचेच्या तारेवर, फायबरवर गेलंय. ही एक लाइन राहिलीय, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची. ते म्हणतात, माझ्या हयातीत तांबं काढायचं नाही. काढणार कोण? मीच परवा रिटायर होतोय."

"सगळ्या लाइनवाल्यांना येतं हे?"

"येतं म्हणजे! न येऊन सांगतात कुणाला? वाऱ्यात तार तुटली तर पगार कापायचे."

हे ऐकून तिला जे वाटलं त्याला काय म्हणावं ते तिला कळेना. आनंद होता, खूप होता, छातीत मावत नव्हता, पण त्याला एक खोडकर शेपूट होतं. कारण आत्याने तिला काय सांगितलं होतं? पाच हजार वर्षं! टेबलाच्या वर भिंतीवर मासिकातून कापलेलं एक चित्र चिकटवलेलं होतं, कुठल्याशा जुन्या थडग्यातून निघालेल्या कर्णफुलांचं, बारीक सोन्याच्या तारेची गोलगोल चक्रं. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमधून दमून यायची, पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि त्या चित्राकडे बोट करून सांगायला लागायची. की तार ओढायची भोकांची पट्टी ही फार पुढची अक्कल, त्याआधी माणसं पत्रा ठोकून पातळ करायची, त्याची सुतासारखी पट्टी कापायची, ती पिळायची, आणि पिळलेली पट्टी दोन सपाट दगडांमध्ये लाटायची, की झाली तार. भिंग लावून बघितलं तर अशा तारेच्या अंगावर एक तिरकी रेघ गोल फिरत गेलेली दिसते, पिळाची आठवण. की डाख माणसाला सापडण्याच्या कितीतरी आधी माणसाने खडा तारेत गुंडाळला होता, कारण खडा आवडला आणि भोक पाडता येईना, मग करणार काय? तेव्हा बांधायचीच युक्ती होती. आत्या हे सांगताना हातवारे करायची, बादलीतलं पाणी फरशीवर उडायचं, आणि तिच्या डोळ्यांत असा काही उजेड यायचा की समोर बसलेल्या भाचीला त्या दगडांचा घासल्याचा आवाज ऐकू यायचा. ती या कामाला लागली ती त्या आवाजामुळे. खडे, तार, पैसा, हे सगळं नंतरचं. "आणि मिटवणं?" ती विचारायची. "ते तिथूनच आलंय," आत्या चित्राकडे मान हलवायची. "बाईकडून बाईकडे. हातातून हातात."

बाईकडून बाईकडे! एक्स्चेंजच्या मागच्या अंगणात चहा पिताना कुणातरी लाइनमनकडून, तार कापायच्या फावल्या वेळात! तारसुद्धा तिथलीच होती, जुन्या केबलीतून सोललेली, रंगीत प्लॅस्टिकची टरफलं घरभर पडायची, हे तर ती लहानपणापासून बघत होती. सगळं समोर होतं. थापाडी कुठली, ती मनात म्हणाली, आणि तिला आत्याबद्दल इतकी माया दाटून आली की बाकावर बसवेना.

फोन वाजला. डाखवाला. "बाई, ज्योत पेटवून बसलोय. येताय ना?"

"विझवा," ती म्हणाली.

"काय?"

"ज्योत विझवा हो. येत नाही मी. कधीच येत नाही!" आणि मग आपण फार उद्धट बोललो असं वाटून, "चहा प्या मस्तपैकी. येते मी एकदा भेटायला. डाग न घेता."

तिने डबा उघडला, स्वतःचं एक पेंडंट काढलं, हिरवट खड्याचं, आणि तिथेच, बसस्टॉपवर, दोन बस सोडून दिल्या. आधीची टोकं पकडीने चेपून बिघडलेली होती, ती बोटांनी अलगद सरळ केली, मोडू नको गं बाई, मोडू नको. पाच वेढे इकडे. पाच तिकडे. डाग बांधताना वर दोन्ही अंगांना तारेचे दोन कान ठेवायचे, दोरी ओवायला, असं आत्याने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्या कानांना दोन्ही हातांनी धरून तिने कोपरं उघडली. खट. लाइनमनने चष्मा चढवून पाहिलं, अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "ताई, तुम्हाला कामावर घेतलं असतं." आयुष्यात एवढं मोठं प्रशस्तिपत्र तिला मिळालं नव्हतं. तिने ते हिरवं पेंडंट त्याच्या हातात ठेवलं, बायकोला द्या म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत रस्ता ओलांडून घराच्या दिशेने निघालीसुद्धा.

चालत. बस कशाला? बसमध्ये बसून राहावं लागतं. दुकानांच्या काचांमध्ये एक सत्तेचाळीस वर्षांची बाई छातीशी डबा धरून भराभर चालताना दिसत होती आणि ती बाई हसत होती, आणि हसताना बोटं हलवत होती. आता चाळीस. चार दिवस. दिवसाला दहा, सहज, डोळे मिटून. आणि त्यानंतर आणखी, नवे, ज्या खड्यांना ती दीड वर्षं घाबरत होती ते, मोठे, वेडेवाकडे. जाळीचं काम करता येईल. दोन तारांचं करता येईल, तीन तारांचं, कारण आता जोड येतो, जोड येतो म्हणजे एक तार कुठेही संपू शकते आणि दुसरी तिथून पुढे जाऊ शकते, मग गळाभर काहीतरी, मग... ती कोपऱ्यावर वळली आणि तिथे तिचा पाय थबकला.

कारण एकदम आठवलं, मिटवणार कोण?

एकतीस वर्षांची होती ती. मैत्रिणीने समुद्राजवळच्या एका गावात दुकान घेतलं होतं, वर राहायला दोन खोल्या, खिडकीतून पाणी दिसायचं. "मी खडे गोळा करते, तू बांध," तिने लिहिलं होतं. "ये ना गं." ती पत्र घेऊन नाचली होती. बॅगसुद्धा काढली होती माळ्यावरून. आणि आत्या खुर्चीत बसून तार सोलत होती, मान वर न करता म्हणाली होती, "जा की. चांगलं आहे. पण तिकडे मिटवणार कोण?" एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. आठ दिवसांनी बॅग माळ्यावर परत गेली होती. सोळा वर्षं झाली त्याला. आणि तिने त्या आठ दिवसांचा दोष कायम स्वतःच्या हातांना दिला होता. आपल्याला येत नाही. आपलं अर्धंच आहे. आपण बांधणाऱ्या, मिटवणाऱ्या नव्हे. आणि ते येणं म्हणजे काय होतं? बाकावर बसून पाच मिनिटांत शिकता येईल असं! रस्त्यावरचा कुणीही माणूस सांगेल असं! पाठ गुपितासाठी नव्हती फिरवलेली. तळपायाची आग मस्तकात गेली. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली, डबा मांडीवर, आणि तिला आत्याची ती पाठ पुन्हा दिसली, पण या वेळी पाठीच्या पलीकडून, समोरून दिसली, जशी कधीच पाहिली नव्हती. घाबरलेली एक बाई मिनिटात होणारं काम करतेय आणि मुद्दाम थोडा जास्त वेळ लावतेय. ज्या दिवशी हिला हे येईल त्या दिवशी ही जाईल. "कंबर धरलीय गं."

राग होता. तो गेला नाही. पण ती उठली आणि पाय पुन्हा चालायला लागले, उलट जास्त भराभर, कारण आता तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या आणि कुठली आधी सांगावी ते ठरत नव्हतं.

दार शेजारच्या काकूंनी उघडलं. दुपारपर्यंत आत्यापाशी त्याच बसायच्या. "लवकर कशी? डाखवाला नाही भेटला?"

"काकू, हळू!"

"ऐकलंय तिने. सकाळीच ऐकलंय, तू फोनवर बोलत होतीस तेव्हा. चहासुद्धा घेतला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलीय." आणि चपला घालता घालता खालच्या आवाजात, "तुझ्या चेहऱ्याला काय झालंय? लॉटरी लागली का?"

आत्या खरोखरच भिंतीकडे तोंड करून होती. अर्धांगवायूने उजवा हात नेला होता आणि बोलणं नेलं होतं, दोनच शब्द मागे ठेवले होते, "हो ना." भूक लागली, हो ना. पडदा लावू का, हो ना. सोडून दे मला, हो ना. त्या दोन शब्दांत आत्या भांडायची, रुसायची, औषध थुंकायची आणि डॉक्टरची टिंगलही करायची, आणि घरात सगळ्यांना ते समजायचं. तारेचं मात्र नाव काढू द्यायची नाही. तिने अकरा वेळा ते अर्धवट पेंडंट आत्यासमोर धरलं होतं, राखाडी खड्याचं, पांढरी शीर असलेलं, तार वर येऊन थांबलेली, कारण बरोबर तिथेच आत्या खुर्चीतून घसरली होती. अकराही वेळा आत्याने डाव्या हाताने ते पलंगाखाली लोटलं होतं.

ती खुर्ची घेऊन पलंगापाशी बसली. श्वास लागला होता. "आत्या. इकडे बघ. आत्या, मी लाइनमनला भेटले."

भिंतीकडची मान हलली नाही, पण चादरीवरची डावी बोटं थांबली.

"शिडीवर होता. तार जोडत होता. पाच वेढे इकडे, पाच तिकडे आणि ओढ. पाच हजार वर्षं काय गं? थडग्यातली बाई काय? बाईकडून बाईकडे? एक्स्चेंजच्या अंगणात शिकलीस तू हे, लबाड बाई! सगळ्या शहराला येतंय! खांबाखांबावर लटकलंय! आणि मी तुझ्या कमरेला मलम चोळलं, बावीस वर्षं!" ती हसत होती आणि आवाज मध्येच फाटला. "मला नको होतं का जायला? सांगितलं असतंस तर गेले असते. म्हणून नाही सांगितलंस ना? तेवढ्याचसाठी ना?"

आत्याची मान हळूहळू वळली. चेहऱ्याची एक बाजू निजलेली, दुसरी जागी. जाग्या बाजूचा डोळा तिच्याकडे बघत राहिला, ओला, टक लावून, खोटं न बोलता.

"हो ना," आत्या म्हणाली.

या वेळी त्याचा अर्थ तेवढाच होता.

तिने डबा उघडला, राखाडी खडा काढला, आणि आत्याच्या समोर, तिला सगळं दिसेल अशा बेताने, मांडीवर उशी घेऊन कामाला लागली. आत्याने बांधलेली तार, दीड वर्षं तशीच थांबलेली, पण तिच्या बोटांना ती ओळखीची वाटली, मऊच होती अजून, वाट बघितल्यासारखी. एक टोक दुसरीच्या अंगावर. पाच. उलटीकडे पाच. टोकं छाटून आत वळवली. आता फक्त ताण राहिला होता, आणि त्याला दोन हात लागतात. तिच्याकडे दोन होते, मघाशी बाकावर तिने तेच वापरले होते. तरी तिने पेंडंट आत्यापुढे धरलं आणि डाव्या अंगाचा कान आत्याच्या डाव्या हातात दिला. उजवा स्वतः धरला. "ओढ," ती म्हणाली. "तू तिकडून, मी इकडून. तुझंच आहे ते."

या वेळी आत्याने ते लोटलं नाही. दोन बोटांत कान धरला, बरोबर जिथे धरायचा तिथेच, अंगठा खाली. तिने क्षणभर वाट पाहिली. मग आत्याने बोटं सोडली. भाचीचा डावा हात मनगटाशी धरून जवळ ओढला, तो कान तिच्या बोटांत ठेवला, आणि एकेक बोट करून तिची मूठ त्यावर मिटवली. जोर होता त्या हातात. आणि मग हात मागे घेऊन आत्या डोळे मोठे करून बघत राहिली, शिक्षक पोराच्या पाटीकडे बघतात तशी, आणि हनुवटीने खूण केली.

तिने कोपरं उघडली. दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकल्या आणि बसल्या.

आत्याने ते हातात घेऊन खालच्या ओठावरून फिरवलं, इकडून तिकडे, मग तिकडून इकडे, फार सावकाश. जागी बाजू हसली. निजलेल्या बाजूवरून मात्र पाणी ओघळून कानापर्यंत गेलं, आणि भाचीने ते पुसलं. आता ती कुठेही जाऊ शकत होती, समुद्रापाशी, दुसऱ्या देशात, वाटेल तिथे. तिने खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली आणि डब्यातून पुढचं पेंडंट काढलं.